चेंबर बसवण्याआधी

जांबोटीवरून चोर्ल्याकडं जाताना पावसाळ्यात गाडीखालून ‘धाड’ असा आवाज आला, की आम्हा खानापूरकडच्या माणसांना पहिला चेंबर आठवतो. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं ते, गाडीच्या पुस्तकात त्याला ऑइल पॅन म्हणतात. ऑइलचा दिवा लागला तर इंजिन तिथंच बंद करा, गॅरेजपर्यंत रेटत नेऊ नका. चेंबर फुटला नाही, नुसता चांगलाच चेपला, तरी उतरवून बघावा. ऑइल ओढणारी जाळी तळाच्या अगदी जवळ असते. तळ वर आला की तिचं तोंड दाबलं जातं आणि इंजिन कोरडं पडतं.

नवा चेंबर आणला की जुना उतरवल्याबरोबर दोन्ही शेजारी ठेवून भोकं आणि खोली जुळते का बघा. अॅल्युमिनियमचा जुनाच दुरुस्त करायचा असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आर्गन वेल्डिंगची चौकशी गाडी उघडण्याआधी करा. ड्रेन नटाचं नवं वायसर, ऑइल फिल्टर, गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडचं ऑइल हाताशी असू दे. सांध्याला पॅकिंग लागतं की नळीतलं सिलिकॉन, तेही पुस्तकातच बघा. ‘असू दे’ म्हणून दोन्ही थापू नका.

जागा सपाट हवी, चाकांना ओंडके हवेत आणि गाडी स्टँडवर हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरू नये. ऑइल कोमट असताना सोडा, उकळतं नको.

खरा वेळ जातो तो घासण्यात, आणि जाऊ द्यावा. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीनं काढा. लोखंडी पातं अॅल्युमिनियमवर ओरखडा पाडतं आणि तिथूनच पाझर सुरू होतो. पत्र्याचा जुनाच चेंबर परत बसवणार असाल तर त्याच्या भोकांभोवतीचे फुगवटे लाकडावर ठेवून ठोकून सपाट करा. जाळी धुवा. शेवटी ब्रेक क्लीनर मारा आणि मग त्या कडेला बोट लावू नका. सिलिकॉनची धार साधारण 3 मिलिमीटर, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. जास्त झालेलं आत सुटतं आणि जाळीत जाऊन बसतं.

बोल्ट बहुतेक गाड्यांत 10 नंबरच्या पान्याचे, म्हणजे बारीक. आधी सगळे हातानं लावा, मग मधून बाहेर, समोरासमोर आवळा. ताकद साधारण 10 न्यूटन मीटर, नेमका आकडा पुस्तकात. मी पहिल्यांदा आवळत होतो तेव्हा शेजारी उभे असलेले आमचे मिस्त्रीकाका ‘साकु, साकु’, म्हणजे कानडीत ‘पुरे, पुरे’, म्हणत होते. मी अजून अर्धा फेरा दिला आणि बोल्टाचं डोकं पान्यातच राहिलं.

सिलिकॉनच्या नळीवर लिहिलेला सुकायचा वेळ होईपर्यंत ऑइल ओतू नका. मग चालू करून पाच मिनिटं ठेवा, बंद करा, डिपस्टिक बघा. रात्री इंजिनखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग दिसला तर कुठल्या बोल्टाखाली आहे ते पुठ्ठ्यावरच कळतं.