रुग्णालयातील माहिती-तंत्रज्ञान : नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

संगणकशास्त्राची पदवी घेऊन रुग्णालयाच्या आयटी विभागात रुजू होणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की, नोंदी कागदावरून पडद्यावर आल्या की विभागाविभागांतील संवाद आपोआप सुधारतो. मी सुरुवात एका धर्मादाय रुग्णालयात केली आणि पुढे जिल्हा पातळीवरील आरोग्य कार्यक्रमांच्या माहिती-व्यवस्थापनात आलो. माहिती नोंदवली जाणे आणि ती जिला हवी त्या व्यक्तीपर्यंत वेळेत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्ही ठिकाणी सारखेच अनुभवास आले. आपली नेमणूक खरे तर दुसऱ्या गोष्टीसाठी असते.

रुजू झाल्यावर पहिले काही दिवस सर्व्हररूममध्ये न घालवता केसपेपरच्या खिडकीमागे बसावे. सकाळी ओपीडी उघडताना रांग दारापर्यंत गेलेली असते, खिडकीवरचा कर्मचारी एका हाताने पैसे घेत दुसऱ्या हाताने नाव टंकत असतो, आणि समोरच्या आजींना जन्मतारीख विचारली तर उत्तर येते, ‘लिहा साठ-पासष्ट.’ मग संगणकात तारीख पडते १ जानेवारी. मोबाईल क्रमांक भरल्याशिवाय पान पुढे सरकत नसेल आणि रुग्णाकडे फोनच नसेल, तर दहा वेळा नऊ हा आकडा दाबला जातो. माहिती खराब आहे म्हणून कर्मचाऱ्यांना दोष देणारे अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत. वास्तविक, रकाना अनिवार्य करणाऱ्यानेच त्या खोट्या क्रमांकाची सोय करून ठेवलेली असते. ‘फोन नाही’ आणि ‘वय अंदाजे’ असे दोन पर्याय दिले की निम्मी तक्रार मिटते. उरलेली निम्मी दुहेरी नोंदींची असते, कारण एकच व्यक्ती एकदा वडिलांच्या, एकदा पतीच्या नावाने आणि एकदा आडनावाशिवाय नोंदवलेली सापडते.

दुसरे ठिकाण म्हणजे प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्यामधली वाट. आमच्याकडे एकदा दुपारी एका रुग्णाचे पोटॅशियम ६.८ आले. साधारणपणे ते ३.५ ते ५ या दरम्यान असते आणि इतके वाढले तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. तंत्रज्ञाने आकडा भरला, प्रणालीने तो लाल रंगात दाखवला, आणि तेवढ्यावर तिचे काम संपले. वॉर्डमधील पडद्यावर त्या वेळी खाटांची यादी उघडी होती, सिस्टर डिस्चार्जच्या गडबडीत होत्या, आणि तो लाल आकडा कोणाच्याही नजरेस पडला नाही. नमुन्यातील रक्तपेशी फुटल्या तरी पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते, म्हणून तंत्रज्ञाने फेरतपासणीसाठी नमुना मागायला फोन केला आणि त्या फोनमुळे प्रकरण उघडकीस आले. सुदैवाने रुग्णाला काही झाले नाही. त्यानंतर बसवलेली व्यवस्था तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अगदी साधी होती : धोक्याचा आकडा नोंदवला की वॉर्डच्या फोनवर सूचना जाते, ठरावीक वेळात कोणी ती स्वीकारली नाही तर निवासी डॉक्टरांकडे जाते, फोनवर ऐकणाऱ्याने आकडा परत वाचून दाखवायचा आणि कोणी, किती वाजता ऐकला हे नोंदले जाते. यात संगणकाचा प्रोग्राम लिहिण्याचे काम थोडेच होते; कोणत्या चाचणीचा कोणता आकडा धोक्याचा मानायचा, यावर सर्व विभागप्रमुखांचे एकमत करण्यात मात्र पुष्कळ काळ गेला. सूचना फार ठेवल्या तर त्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून यादी मुद्दाम लहान ठेवली.

सार्वजनिक आरोग्यातील प्रश्न याहून वेगळा आहे, कारण तेथे रुग्ण एका इमारतीत नसतो. आपल्याकडे मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते. तिची नोंद सासरच्या उपकेंद्रात, फोन नवऱ्याचा, आणि प्रसूती दुसऱ्याच तालुक्यात. गरोदर माता आणि बालकांच्या सरकारी नोंदींच्या आरसीएच पोर्टलवर तिचा क्रमांक असतो, माता व बालसंरक्षण कार्ड पिशवीत असते, तरीही माहेरच्या आरोग्यसेविकेला तिच्या रक्तक्षयाची माहिती कळेलच असे नाही. लसीकरणाची आठवण करून देणारा संदेश तर नवऱ्याच्या फोनवर जातो आणि तो कारखान्यात पाळीवर असतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडून कोल्हापूर-सांगलीकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचे तसेच आहे. क्षयरोगाच्या उपचारावरील मजूर निघून गेला तर ‘निक्षय’ या राष्ट्रीय प्रणालीत त्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे किंवा राज्याकडे पाठवता येते; पण तो कोणत्या फडावर आहे हे मुकादमाला विचारून आशाताई सांगतात, तेव्हाच ती बदली खरी होते. याच प्रणालीतून रुग्णाला पोषणासाठी थेट बँकेत रक्कम मिळते : एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. खात्यावरचे आणि नोंदीतले नाव जुळले नाही की पैसे अडकतात, आणि त्या वेळी केसपेपरच्या खिडकीवरची गडबड किती दूरवर पोचते हे समजते.

आता मानकांविषयी. रुग्णाची माहिती एका रुग्णालयातून दुसऱ्यात जावी यासाठी आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात रुग्णाची ओळख ठरणारा ‘आभा’ क्रमांक १४ अंकी असतो. रुग्णाचे कागद एका मध्यवर्ती कोठारात जमा होतात, असा गैरसमज डॉक्टरांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि रुग्णाने संमती दिल्यावर मागणाऱ्याकडे जातात. ही देवाणघेवाण ‘फायर’ (FHIR) या, म्हणजे आरोग्याची माहिती कोणत्या रचनेत पाठवायची हे ठरवणाऱ्या, मानकावर चालते. त्याचे भारतीय स्वरूप ठरवणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यातील सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेत आहे. मराठी तरुणांनी ही संधी घराजवळ आहे हे लक्षात घ्यावे. आजारांची आणि तपासण्यांची परिभाषा देणारे ‘स्नोमेड सीटी’ भारतात विनामूल्य वापरता येते, कारण देश २०१४ पासून त्या संस्थेचा सदस्य आहे. मिशनचा सँडबॉक्स, म्हणजे प्रयोग करून पाहण्यासाठीची वेगळी प्रणाली, खुला आहे. त्यात स्वतः एखादे डिस्चार्ज कार्ड तयार करून पाठवून पाहावे. असा प्रयोग करून आलेला उमेदवार मुलाखतीत लगेच ओळखू येतो. ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळवण्याची सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाली. माझ्या मते संपूर्ण मिशनमधील रुग्णाला सर्वांत लवकर पटणारी गोष्ट हीच आहे, कारण तिच्यामुळे रांग खरोखर कमी होते. मात्र स्मार्टफोन नसलेल्यांसाठी जुनी खिडकी उघडी ठेवावीच लागते.

दूरवैद्यकाची, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० ची आहेत. या कामात असणाऱ्याने ती मुळातून वाचावीत, विशेषतः दूरध्वनीवर कोणती औषधे लिहून देता येतात आणि कोणती नाहीत हा भाग. ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेवर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. नेटवर्क अडखळले की चित्र बंद करून केवळ आवाजावर सल्ला उरकावा लागतो, आणि अशा वेळी अधिकाऱ्याने रक्तदाब व साखर आधीच भरून ठेवलेली असेल तर सल्ला नीट मिळतो.

गोपनीयतेबाबत उपदेश करण्याआधी निरीक्षण करावे. डॉक्टर एक्स-रेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, कारण रुग्णालयाच्या प्रणालीत तीच प्रतिमा उघडायला फार वेळ लागतो. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा दाखवून बंदीचे परिपत्रक काढले तर डॉक्टरांचा व्हॉट्सअ‍ॅप गट बंद होत नाही, फक्त त्याचे नाव बदलते. आधी अधिकृत मार्ग तितकाच जलद करावा लागतो.

शिक्षणाविषयी थोडक्यात. एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढण्याची संगणकीय भाषा, चांगले यावे, एक्सेल उत्तम यावे, आजारांना सांकेतिक क्रमांक देणाऱ्या आयसीडी-१० या वर्गीकरणाची रचना माहीत असावी, आणि वैद्यकीय अभिलेख विभागात, म्हणजे एमआरडीमध्ये, काही आठवडे काम केलेले असावे. परिचारिका, फार्मसिस्ट किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम केलेल्यांनी आपण ‘संगणकाचे नाही’ म्हणून मागे राहू नये. त्यांना एसक्यूएल शिकवणे सोपे जाते, मला वॉर्ड समजायला जास्त काळ लागला. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा कमी असतो हे मान्य करूनच यावे.

मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न अवश्य विचारावा : प्रणाली बंद पडली तर काय होते? चांगल्या रुग्णालयात छापील अर्जांचा गठ्ठा प्रत्येक वॉर्डात ठेवलेला असतो, केसपेपरसाठी राखीव क्रमांक असतात, आणि प्रणाली सुरू झाल्यावर त्या नोंदी कोण चढवणार हे ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेले असते. ‘सिस्टर नंतर भरतात’ असे उत्तर आले, तर रुजू झाल्यावर तुमचे पहिले काम कोणते ते तिथेच ठरले. सिस्टरांच्या पाळीतले ते तास कोठून येणार, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावे.