कोलोनोस्कोपीची तयारी: पावडरीचा दुसरा लिटर चुकवू नका

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेली मोठ्या आतड्याची तपासणी. आतडं नीट धुतलं गेलं नसेल, तर दुर्बीण कितीही चांगली असली तरी चपटे, लहान पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी) मळाखाली दडून राहतात आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करा. त्यांनी मळ काळा, चिकट होतो. रक्त पातळ करणारी औषधं आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर पोट साफ करायची कोणती पावडर आणि किती पाणी, हेही त्यांनीच ठरवायचं.

दोन-तीन दिवस आधीपासून मऊ भात, मुगाचं पातळ वरण, पांढरा ब्रेड, उकडलेला बटाटा. भाकरी, पालेभाज्या, उसळी, तीळ, पेरू, डाळिंब बंद. अनेक जण ‘हलकं’ म्हणून उपवासाचं खातात, पण साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूट दुर्बिणीची नळी तुंबवतं. आदल्या दिवशी फक्त पातळ: गाळलेलं लिंबूपाणी, नारळपाणी, बिनदुधाचा चहा. ताक नको. कोकम सरबतही नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पोट साफ करणाऱ्या पावडरीचं नेहमीचं पाकीट 2 लिटर पाण्यात विरघळवतात. तपासणी सकाळी 10 वाजता असेल, तर आदल्या संध्याकाळी 7 वाजता 1 लिटर आणि पहाटे 5 वाजता उरलेला 1 लिटर. दर 10-15 मिनिटांनी एक पेला. गार करून, स्ट्रॉने घेतलं की चव कमी जाणवते. साखर घालू नका, क्षारांचा तोल बिघडतो. मळमळलं तर अर्धा तास थांबून सावकाश पुढे प्या.

‘रात्रीच पोट साफ झालं’ म्हणून पहाटेचा लिटर टाळणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. रात्रभरात लहान आतड्यातून पाझरलेला पित्तमिश्रित चिकट स्राव मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर थर धरतो; तो दुसऱ्या लिटरनेच निघतो. शेवटी शौचाला लघवीसारखं पिवळसर, पारदर्शक पाणी व्हायला हवं. अजून गढूळ असेल तर निघण्यापूर्वी तसं कळवा. तपासणीच्या किमान 2 तास आधीपासून पाण्याचा घोटही नको. गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते.

तपासणीत डाव्या कुशीवर झोपवतात. वायू भरल्याने पोट फुगतं, नंतर तो सोडायला लाजू नका. सोबत कुणीतरी हवंच, 24 तास गाडी चालवायची नाही. वाढत जाणारी पोटदुखी, ताप किंवा बरंच रक्त दिसलं तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.