बोक्याची लघवी अडली तर सकाळची वाट पाहू नका

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, आणि मांजर मुळात पाणी कमीच पितं. त्यात नुसतं कोरडं खाणं असेल तर लघवी घट्ट होते, खडे धरू शकतात. बोक्याची लघवीची नळी अरुंद, म्हणून अडकतो बहुधा तोच. सारखा मातीत जाऊन बसतोय, कण्हतोय, पण थेंबही येत नाही? बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका, पोटही दाबू नका. पूर्ण अडलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकते; रात्र असली तरी जनावरांचा डॉक्टर गाठा. घरातलं पॅरासिटामॉल तर अजिबात नको, मांजराला ते विषच. एरवी खाण्यात थोडं पाणी कालवा, पाण्याची वाटी सावलीत ठेवा.