जैतुनाचं खत: रंगपंचमी ते मृग

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आटोपली, अंगाचा रंग निघाला, की इंदूरच्या अंगणांत कडुनिंबाचा, सागाचा पाचोळा पडलेला असतो. तो जाळू नका, पोत्यांत भरा; अंगणातल्या जैतुनाला (ऑलिव्हला) त्याचंच खत घालायचं आहे. मृगाला जेमतेम तीन महिने उरतात आणि ढीग कुजायलाही तेवढेच लागतात.

हा हिशेब माझा नव्हे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथे इंदुरात होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी बसवलेल्या रीतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. इंदूरकरांना मात्र ती सांगावी लागते! पाचोळ्याचा वीतभर थर, वर शेणकाला, गोठ्यातली गोमूत्रानं भिजलेली माती, थोडी राख. मग पुन्हा पाचोळा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. पंधरवड्यानं, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी ढीग उलथायचा. कचरागाडी आली की ओला डबा रिकामा करायची आपली सवय आहे. एवढे तीन महिने भाजीची देठं-सालं घरीच ठेवा.

तोवर जमीन बघून घ्या. जैतून भूमध्य समुद्राकाठच्या चुनखडीच्या उतारांवरचं झाड. चुना त्याला चालतो, मुळाशी तुंबलेलं पाणी नाही, आणि माळव्याची काळी माती तर पाणी सोडतच नाही. दीड फूट खड्डा करून पाणी भरा. पहिलं पाणी उन्हाळी भेगांतून पळतं, त्यावर विसंबू नका. दोन-तीनदा भरा, शेवटचं पाणी दुसऱ्या सकाळीही दिसलं तर आधी दीड फुटाचा उंचवटा, खताचं नंतर. मी पहिल्या वर्षी खड्ड्यातच वाळू आणि खत भरलं होतं. जुलैत त्याचा हौद झाला, झाड गेलं.

माती तपासून घ्या. सामू (pH), सेंद्रिय कर्ब आणि पालाश (पोटॅश) एवढं पुरे.

चार-पाच वर्षांच्या झाडाला दोन घमेली मुरलेलं कंपोस्ट आणि किलोभर निंबोळी पेंड धरा. कच्चं शेण नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी लागते. कोंबडीखताचा मोहही आवरा: नत्र जास्त झालं की नुसती पालवी फुटते, फुलोरा रुसतो. फळांचं विचाराल तर या झाडाला मोहोरासाठी हिवाळ्याची थंडी लागते, आणि ती कुठल्याही खतातून देता येत नाही. आर्बेक्विना किंवा कोरोनेइकी जातीचं झाड असेल तर थोडी आशा. शेजारी दुसऱ्या जातीचं झाड असलं तर आणखी बरं.

पहिल्या पावसाआधी खत फांद्यांच्या घेराखाली पसरा, मातीत हलकं मिसळा, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. वर सोयाबीनचं भूस अंथरा. ते गावाकडून आत्ताच मागवून ठेवा; जूनमध्ये कुणाकडेच कोरडं मिळत नाही.