घरातल्या मांजराला व्यायाम द्यायचा कसा?

कुत्र्याला फिरायला नेता येतं, मांजराचं काय? त्याच्यातला शिकारी जागा करा. काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधा. ते मांजराच्या तोंडासमोर नाचवू नका. घाबरलेल्या उंदरासारखं त्याच्यापासून दूर सरपटत न्या, सोफ्याआड लपवा, मध्येच थांबवा. दबा धरण्यातच त्याला खरी गोडी असते. एका वेळी ५ ते १० मिनिटं पुरे, पण दिवसातून दोन-तीनदा. पहाटे आणि संध्याकाळी मांजरं मुळातच जास्त चपळ असतात.

शेवटी पीस त्याच्या पंजात येऊ द्या आणि लगेच जेवण वाढा. लेझरचा ठिपका कधीच हाती लागत नाही, म्हणून नुसत्या लेझरवर खेळ संपवू नये. खेळून झाल्यावर दोरी मात्र आठवणीने उचलून ठेवा. गिळली तर आतडी कापली जाऊ शकतात.

आणि कृपा करून, वजन उतरावं म्हणून जाड मांजराला उपाशी ठेवू नका. काही दिवसांच्या उपासानेही यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. आहार कमी करायचा तर पशुवैद्यांना विचारून, हळूहळू.