सिकलसेल रुग्णांच्या संस्थेचा कारभार : या चुका टाळा

गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून उपचारासाठी नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, येणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांना संस्था म्हणजे रात्रीच्या मुक्कामाची सोय, ऐनवेळी मिळणारा रक्तदाता आणि हायड्रॉक्सियुरिया या नेहमीच्या औषधाच्या कॅप्सूल. आजार जन्मभराचा असल्याने संस्थेशी नातेही जन्मभराचे होते आणि कारभारातली खरी अडचण तिथेच सुरू होते. ज्याच्या हातून औषध घ्यायचे, त्याला हिशेब कसा विचारावा या संकोचाने रुग्ण गप्प राहतात. अशाच एका संस्थेच्या कार्यकारिणीत मी काही वर्षे होतो. पुढच्या बहुतेक चुका तिथे माझ्या डोळ्यांसमोर झाल्या आहेत.

कुरखेड्याकडच्या एका आईने मुलाच्या तपासणीसाठी संस्थेत पाचशे रुपये भरले आणि पावती मागितली. टेबलावरचा कार्यकर्ता म्हणाला, "बाई, औषध फुकट भेटून राह्यलं न, मंग पावती कायले पाह्यजे?" ती काही न बोलता रिपोर्टची फाइल पिशवीत घालून निघून गेली. ते पैसे कोणी खाल्ले नव्हते, प्रयोगशाळेतच भरले गेले होते. पण पुढे वाद झाला तेव्हा ते दाखवायला आमच्याकडे कागदच नव्हता. म्हणून रक्कम पन्नास रुपयांची असली तरी अनुक्रमांक छापलेल्या पुस्तकातून पावती द्यावी आणि तिची दुसरी प्रत जपावी. देणगीसाठी सचिवांच्या स्वतःच्या मोबाइलचा क्यूआर कोड लावणे तर पूर्णपणे बंद करावे, कारण त्या खात्यात घरखर्च आणि देणगी यांची एकदा सरमिसळ झाली की ऑडिटरलाही ती वेगळी करता येत नाही. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर दात्याला आयकराची सवलत मिळत नाही, हेही त्याला आधीच सांगावे.

कोऱ्या चेकांवर आगाऊ सह्या घेऊन ते कपाटात ठेवू नयेत.

सर्वांत महागात पडते ती चेंज रिपोर्टची, म्हणजे बदल अहवालाची टाळाटाळ. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्तांमध्ये बदल झाल्यापासून ९० दिवसांत त्याची माहिती धर्मादाय कार्यालयात द्यावी लागते. निवडणूक होते, हारतुरे होतात, अहवाल मात्र तसाच राहतो. मग परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, जुनीच नावे असल्यामुळे बँक नव्या सह्या स्वीकारत नाही, जुने पदाधिकारी आपला हक्क सोडत नाहीत आणि या ओढाताणीत रुग्णांच्या औषधांची बिले थकतात. दोष बहुधा सभेच्या कागदांत असतो. नोटीस संस्थेच्या घटनेत सांगितलेल्या मुदतीत सर्व सभासदांना पोहोचल्याचा पुरावा, हजेरीपटावरच्या सह्या, गणपूर्तीची नोंद आणि त्याच दिवशी लिहिलेले इतिवृत्त एवढे हाताशी असले, तर अहवालावरच्या हरकतींना उत्तर देता येते. मुदत उलटली असेल, तर खरी कारणे नमूद करून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा. मागची तारीख टाकून ठराव लिहिणे हा उपाय नव्हे, तो नवा गुन्हा आहे.

रक्त संक्रमणासाठी आलेली देणगी १९ जूनच्या जागतिक सिकलसेल दिनाच्या मंडपावर खर्च होणे, हेतू कितीही चांगला असला तरी, चूकच आहे. अशा निधीचे खाते खतावणीत वेगळे ठेवावे. औषधखरेदी एखाद्या विश्वस्ताच्या नातेवाइकाच्या दुकानातून होणार असेल, तर तीन ठिकाणचे भाव मागवावेत आणि त्या विश्वस्ताने निर्णयाच्या वेळी सभेबाहेर बसावे.

पैशांइतकीच जोखमीची आहे ती रुग्णांची यादी. रक्ततपासणीच्या निकालात एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हे आता आपल्याकडे गावोगावी ठाऊक झाले आहे. त्यामुळे शिबिराचे निकाल नावांसह व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले की मुलीच्या स्थळापर्यंत बातमी पोहोचते. निकाल ज्याचा त्यालाच बंद पाकिटात द्यावा. मुलांचे फोटो अहवालात छापायचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि नकार देणाऱ्या पालकांना ती मदतीची अट वाटता कामा नये.

हे सारे बिघडूनही कोणी तक्रार करत नाही, याचे कारण सुरुवातीला सांगितलेली भीतीच. घटनेत दुरुस्ती करून कार्यकारिणीत किमान दोन जागा रुग्ण किंवा पालकांसाठी ठेवाव्यात, तक्रारपेटीची किल्ली सचिवांकडे नसावी आणि वार्षिक हिशेब मराठीत, एका पानावर, औषधवाटपाच्या खोलीत लावावा. नोंदणी अर्जावरच छापावे : "हिशेब विचारल्यामुळे किंवा तक्रार केल्यामुळे कोणाचीही मदत थांबवली जाणार नाही. तक्रारीचे उत्तर संस्थेकडून न मिळाल्यास धर्मादाय कार्यालयात अर्ज करता येतो."