ऑपरेशनआधी बायोप्सीचे ब्लॉक ताब्यात घ्या

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरचे म्हणतात, ‘उद्याच काढून टाका.’ त्या घाईत आधी एक पाहा: बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (हे प्रथिन गाठीत जास्त आहे का) या तिन्ही चाचण्यांचे निकाल आहेत का? नसतील तर मागाच. हर-टू ‘2+’ असेल तर तो धड होकार नाही की नकार नाही. मग हर-टूचं जनुक वाढलंय का हे पाहणारी फिश चाचणी लागते. हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असलेली गाठ 2 सेंटिमीटरहून मोठी असेल, तर बऱ्याचदा केमो आधी देतात, ऑपरेशन नंतर. म्हणून हा प्रश्न टेबलावर जाण्याआधीच विचारायचा.

दुसरं मत घ्यायला आठवडा गेला तर सहसा बिघडत नाही. पण नुसती फाइल नेऊ नका. लॅबकडून मेणाचे ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा ज्यात जपलेला असतो) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे पातळ काप) मागून घ्या. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ते पुन्हा तपासतात. ब्लॉक घरी ठेवाल तर उन्हात, गॅसजवळ नको, मेण वितळतं.

आणि हॉस्पिटलच्या पिशवीत पुढून बटणांचे दोन सैल गाऊन टाका. हात वर न करता घालता येतात, जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळीही ओढली जात नाही.